विश्लेषण : नॅनोमीटरभर जाडीच्या थरात प्रकाशाची ऊर्जा कुठे जाते?

सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मेटल-ऑरगॅनिक फ्रेमवर्क (एमओएफ) या सच्छिद्र पदार्थांवरील कामासाठी २०२५चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. धातूचे आयन आणि सेंद्रिय रेणू यांची ही जाळी आता काही नॅनोमीटर जाडीच्या थरांतही बनवता येते. एक नॅनोमीटर म्हणजे साध्या कागदाच्या जाडीचा सुमारे एक लाखावा भाग. अशा थराने शोषलेल्या प्रकाशाचे पुढे काय होते, यावर त्याचा उपयोग ठरतो.

प्रकाश पडल्यावर काय होते?

इलेक्ट्रॉन वरच्या ऊर्जापातळीवर जातो आणि मागे रिकामी जागा, म्हणजे ‘होल’ उरते. दोघे एकमेकांना ओढतात. या जोडीला ‘एक्सायटॉन’ म्हणतात. सोव्हिएत शास्त्रज्ञ याकोव्ह फ्रेंकेल यांनी ही कल्पना १९३१ मध्ये मांडली. सिलिकॉनमध्ये जोडी तोडायला सुमारे १५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात आणि खोलीच्या तापमानाची उष्णता (सुमारे २५) त्यासाठी पुरते. सेंद्रिय रेणूंवर मात्र हा आकडा शेकड्यांत असतो, म्हणून तिथे जोडी टिकते.

थर पातळ झाला की?

जाड स्फटिकात आजूबाजूचा पदार्थ हे आकर्षण काहीसे कमी करतो. अतिपातळ थराभोवती हवा असते. तिथे हा परिणाम क्षीण होतो आणि जोडी आणखी घट्ट बसते.

ऊर्जा किती लांब जाते?

एक्सायटॉन रेणूवरून रेणूवर उड्या मारतो. ‘फोर्स्टर’ पद्धतीच्या उडीत अंतर दुप्पट झाले की वेग ६४ पटींनी घटतो. चमक देणारा एक्सायटॉन बहुधा काही नॅनोसेकंदच जगतो आणि अनेक सेंद्रिय पदार्थांत तेवढ्या वेळात साधारण १० नॅनोमीटर जातो. जाड स्फटिकाच्या पोटातली ऊर्जा त्यामुळे वाटेतच संपते. पातळ थरात पृष्ठभाग जवळच असतो. शिवाय एमओएफमध्ये रेणूंमधील अंतर जाळीच्या रचनेतूनच ठरवता येते.

मग सौरघट सोपे का नाहीत?

वीज हवी तर जोडी तुटायलाच हवी. पातळपणा तीच घट्ट करतो. त्यात बहुतेक एमओएफमधून वीज नीट वाहत नाही आणि पृष्ठभागावरील दोष ऊर्जा गिळतात. धातूही पाहावा लागतो. जस्त, झिर्कोनियम सहसा आड येत नाहीत, पण तांब्याचे आयन अनेकदा चमक विझवतात.

उपयोग कुठे?

जिथे ऊर्जा पृष्ठभागापर्यंत पोहोचली तरी काम भागते, तिथे. उदाहरणार्थ, प्रकाशावर चालणारे उत्प्रेरक आणि सेन्सर. स्फोटकांतील काही रेणू थराला चिकटले की त्याची चमक मंदावते आणि तोच इशारा ठरतो.