क्लिअर कोट मारला, आता ओघळ आणि धूळ दिसतेय? घाई करू नका

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: घरी क्लिअर कोट मारला, सुकला, पण वर धुळीचे दाणे आणि एक-दोन ओघळ राहिलेत. आता परत सगळं करायचं का?

नाही. पण आधी माझी चूक ऐका. बाबांची चौदा वर्षं जुनी लाल गाडी मी पार्किंगमध्ये रंगवली. दुसऱ्याच दिवशी बॉनेटच्या कडेवर वॉटर पेपर घेऊन बसलो. थोड्या वेळाने पाणी लाल दिसायला लागलं. म्हणजे क्लिअर कोट संपला आणि खालचा रंगच निघत होता. इथे कंट्रोल झेड नसतं!

कारण साधं आहे. वाळलेला क्लिअर कोट साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे केसापेक्षाही पातळ. कडांवर आणि घडीवर तो त्याहूनही कमी बसतो. म्हणून पहिला नियम: कडांवर मास्किंग टेप लावा आणि तिथे घासूच नका.

दुसरा नियम, थांबा. हाताला कोरडा लागला म्हणजे तो कडक झाला असं नाही. डब्यावर लिहिलेला वेळ पाळा. न दिसणाऱ्या जागी नख हलकं दाबून बघा. खूण उमटली तर अजून थांबा.

आता काम. गाडी सावलीत, पत्रा थंड. पेपर थोडा वेळ पाण्यात भिजवा, पाण्यात दोन थेंब शाम्पू. ओघळ असेल तर दोन्ही बाजूंना टेप लावा, छोट्या कडक ठोकळ्याला १५०० नंबरचा पेपर गुंडाळा आणि फक्त उंचवटा घासा. बोटाने दाबून घासलं तर खड्डा पडतो. दर आठ-दहा हातांनी पुसून बघा. घासलेला भाग मंद दिसतो, बाजूचा अजून चमकतो. उंचवटा पातळीत आला की टेप काढा, २००० आणि मग ३००० नंबर फिरवा. धुळीच्या दाण्याला थेट २००० पुरतो. शेवटी कंपाउंड, त्यानंतर पॉलिश, चमक परत येते. पाणी दुधाळ असेल तर ठीक, रंगीत झालं की लगेच थांबा.

सगळंच घासून जात नाही हं. फिश आय, म्हणजे छोटे गोल खड्डे, बहुतेकदा सिलिकॉन किंवा तेलामुळे पडतात. ते घासत बसलात तर आजूबाजूचा कोटच पातळ होतो. तिथे साफ करून पुन्हा क्लिअर भरावा लागतो. आणि हार्डनरवाला टू-के क्लिअर वापरत असाल, तर त्यात आयसोसायनेट असतं. साधा कापडी मास्क चालत नाही. फवाऱ्यासाठी योग्य श्वसन मास्क, हातमोजे आणि मोकळी हवा नसेल, तर ते काम गॅरेजला द्या.

माझ्या बॉनेटचं काय झालं? कड पुन्हा घासून, रंग आणि क्लिअर दोन्ही परत मारले. दोन रविवार गेले. बाबा आले, कडेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ठीक आहे, पण यावेळी तरी सुकू दे."

तेच तुम्हालाही सांगतो. तुमचा ओघळ कुठे आलाय, फोटो काढून पाठवा. पुढच्या भागात भेटू!