काचेला न कळणारा हात

कळवा हे श्रमिकांचे गाव. ठाणे-बेलापूर मार्गावर मुकंद, सीमेन्स यांसारखे कारखाने उभे राहिले, रेल्वेची कारशेड आली आणि लोखंड, तारा, हत्यारे हाताळणाऱ्या हातांनी या गावाला आकार दिला. आज त्याच हातांपुढे मोबाइलची काच आली आहे. लोकलचे तिकीट, विजेचे बिल, बँकेतील पैसे यांचे व्यवहार या काचेवर बोट टेकवून करावयाचे. परंतु नेमक्या याच हातांना ती पुष्कळदा दाद देत नाही. दोनतीनदा बोट टेकवूनही काही घडले नाही, की वयस्क कामगार खजील होतो, शेजारच्या विद्यार्थ्याच्या हाती फोन सोपवतो आणि प्रसंगी आपला गुप्त क्रमांकही त्याला सांगून टाकतो. ‘हे आपल्याला जमायचे नाही’ हा त्याचा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. तो का चुकीचा, हे समजण्यासाठी त्या काचेचे विज्ञान पाहिले पाहिजे.

वीज वाहून नेणारे पदार्थ सामान्यतः पारदर्शक नसतात आणि पारदर्शक पदार्थ वीज वाहून नेत नाहीत. तांब्यात मुक्त इलेक्ट्रॉन विपुल असतात, म्हणून त्यातून वीज वाहते. पण तेच इलेक्ट्रॉन प्रकाश परतवून लावतात. काचेत ते जवळजवळ नसतातच. म्हणून प्रकाश आरपार जातो आणि वीज अडते. या दोन परस्परविरोधी गुणांचा मेळ घालणारे काही मोजके पदार्थ आहेत. त्यांपैकी सर्वाधिक वापरला जातो तो इंडियम ऑक्साइड व टिन ऑक्साइड यांचा, वजनाने साधारणतः ९० व १० टक्के या प्रमाणातील, संयोग. इंडियमच्या काही अणूंच्या जागी कथिलाचे अणू बसले, की प्रत्येकामागे एक जादा इलेक्ट्रॉन मोकळा होऊ शकतो. वीज वाहण्यास ही संख्या पुरते. दृश्य प्रकाश अडविण्यास ती अपुरी पडते. हा थर इतका पातळ असतो, की असे पाचशे थर एकावर एक रचले तरी ते जेमतेम एका केसाच्या जाडीचे होतील.

ही विद्या आपल्याकडे अपरिचित नाही. दिल्लीच्या आयआयटीतील के. एल. चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली पारदर्शक वाहकांवर लिहिलेला समीक्षालेख जगभरच्या संशोधकांनी आधारभूत मानला. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात तापलेल्या काचेवर द्रावणाचा फवारा मारून ऑक्साइडचे पातळ थर बसविण्याच्या पद्धतीवर अनेक वर्षे काम झाले आहे. तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की येथे पाणी उडून जाते आणि मागे ऑक्साइडचा थर राहतो.

मोबाइलमध्ये अशा थराच्या उभ्या व आडव्या पट्ट्या असतात. त्या जेथे एकमेकींना ओलांडतात, तेथे अत्यल्प विद्युतभार साठतो. मानवी शरीर हे क्षारयुक्त पाण्यामुळे विजेचे वाहक आहे. बोट जवळ आले, की त्या जागेवरील भाराचा काही अंश ते आपल्याकडे ओढते. आतील चकती सेकंदाला कित्येक वेळा सर्व छेदबिंदू तपासते आणि कोठे घट झाली यावरून बोटाची जागा ठरविते. म्हणजे ही काच दाब ओळखत नाही. ती ओळखते विद्युतभारातील बदल.

कामगाराच्या बोटाची अडचण येथेच उद्भवते. घट्ट्याची जाड, कोरडी, निर्जीव त्वचा ही विजेला अडविणारी. तिच्यामुळे बोटातील सजीव, ओलसर भाग काचेपासून दूर राहतो आणि भारातील घट ठराविक मर्यादेपर्यंत पोहोचत नाही. यंत्र तिला निव्वळ गोंधळ समजून सोडून देते. पावसाळ्यात फलाटावर उभे असताना उलटेच घडते: पाण्याचे थेंबही भार हलवितात आणि कोणी न दाबलेली अक्षरे उमटू लागतात. दोन्ही ठिकाणी दोष माणसाच्या बुद्धीचा नाही.

हा दोष अटळही नाही. अशाच थरांच्या दोन पापुद्र्यांमध्ये थोडी पोकळी ठेवून, ते दाबाने एकमेकांना टेकविण्याची पद्धत जुनीच आहे. तिला घट्टा पडलेले बोट चालते, नख चालते, पेनाचे टोकही चालते. तिचा थर लवकर झिजतो आणि चित्रही किंचित मंद दिसते, हे मान्य. म्हणून खिशातल्या फोनमधून ती मागे पडली. परंतु सार्वजनिक यंत्राचा निकष दिमाख हा नसून सर्वांना उपयोग हा असला पाहिजे. अनेक फोनमध्ये हातमोजे घातलेल्यांसाठी स्पर्शाची संवेदनक्षमता वाढविण्याची सोय असते. ती आपल्या वडिलांच्या फोनवर चालू करून देणे कोणाही विद्यार्थ्याला शक्य आहे.

सेवा काचेवर आणताना तिकिटाची खिडकी व यंत्रावरील साधी बटणे कायम राहिली पाहिजेत, हा आग्रह म्हणूनच मागासलेपणाचा नाही. काच कोणता हात ओळखणार, हे ती घडविणारे व विकत घेणारे ठरवितात. ज्या हातांनी ही गावे उभारली, ते हात त्या हिशेबात धरण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे.