संत्र्याचा रस, जस्त आणि विजेची नळी

आंबट ताक कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ठेवू नये, हे आपल्याला आजीने शिकवले. तोच धडा कारखान्यातल्या विजेच्या तारांनाही लागू पडतो, हे मात्र सहसा ध्यानात येत नाही.

तारा ज्या नळीतून नेतात तिला कंड्युइट म्हणतात. नागपुरात संत्र्यावर प्रक्रिया करण्याची परंपरा जुनी आहे. ‘नोगा’ हे परिचित नाव ‘नागपूर ऑरेंज ग्रोअर्स असोसिएशन’च्या आद्याक्षरांतूनच आले. रसाच्या कारखान्यात ही नळी कशाची असावी? जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची, म्हणजे जी.आय.ची, असे उत्तर बहुधा मिळते. एरवी ते चांगलेच आहे. जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला वाचवते.

पण संत्र्याच्या रसाचा पीएच 3 ते 4 च्या दरम्यान असतो. त्यातल्या सायट्रिक आम्लाचे शिंतोडे नळीवर उडतात आणि जस्त विरघळू लागते. पाळी संपली की यंत्रे कॉस्टिक सोड्याच्या द्रावणाने धुतात. अल्क आम्लाला मारतो, मग चिंता कसली, असे विद्यार्थी विचारतील. अवश्य विचारू द्यावे! जस्त उभयधर्मी आहे; ते अल्कातही विरघळते आणि त्याचे झिंकेट होते. म्हणजे काम चालू असताना आम्ल आणि धुताना अल्क, दोन्हीकडून मार. ॲल्युमिनियमही याच कारणाने बाद ठरते. (लिंबाच्या रसात जी.आय. तारेचा तुकडा टाकून वर्गात बुडबुडे दाखवता येतील. कॉस्टिकचा प्रयोग मात्र शिक्षकांनी स्वतः, संरक्षक चष्मा लावूनच करावा.)

मुलामा गेला की लोखंड गंजते. सुरुवात सांध्यापाशी होते, कारण आटे पाडताना तिथले जस्त आधीच निघालेले असते. गंजाचे पापुद्रे खालच्या रसात पडतात, हे वाईटच. त्याहून वाईट असे, की पुष्कळ ठिकाणी ही नळीच अर्थिंगचे काम करते. सांधा गंजून अर्थिंग तुटले आणि आतल्या तारेचे आवरण फाटले, तर फ्यूज उडत नाही. नळीत वीज उतरून राहते. खाली ओली फरशी, आणि तिच्यावर कामगार उभा!

पीव्हीसीला आम्ल, अल्क, ब्लीचिंगचे पाणी यांपैकी कशाचेही भय नाही. तिचा शत्रू उष्णता. 60 अंशांच्या आसपास ती मऊ पडू लागते. तापमान 40 अंशांनी वाढले तर 10 मीटरची पीव्हीसी नळी सुमारे 28 मिलिमीटर लांबते, लोखंडी नळी जेमतेम 5. मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो. पत्र्याखालची नळी वाकडी का होते ते यावरून कळावे. शिवाय उंदीर ती कुरतडतात, आणि अर्थिंगची तार निराळी ओढावी लागते.

स्टेनलेस स्टीलवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो. त्याला सायट्रिक आम्ल वा कॉस्टिक काही करीत नाही, पण ब्लीचिंगमधले क्लोराइड त्याला टोचे पाडते. म्हणून 304 ऐवजी 2 ते 3 टक्के मॉलिब्डेनम असलेले 316 घेतात. ते महाग पडते. माझ्या मते ते फक्त धुलाईच्या विभागात वापरावे. कोरड्या पॅकिंगच्या खोलीत जी.आय. पुरेसे आहे.

नळी कोणतीही असो, ती शीतगृहात शिरते तिथे तिचे तोंड आतूनही बुजवावे. नाहीतर बाहेरची दमट हवा नळीतून आत जाते, गार होते, आणि तिचे पाणी थेट स्विचच्या पेटीत ठिबकते.