टायरच्या पोटातली जन्मपत्रिका

टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो ना, त्याच जातीची चिप आता काही टायरांच्या रबरात पुरली जाते. तिला बॅटरी नसते. वाचकयंत्राने सोडलेल्या रेडिओलहरींतूनच तिला क्षणभर पुरेल इतकी वीज मिळते. तेवढ्यात ती आपला क्रमांक सांगते आणि गप्प होते.

खरी कसोटी टायर घडताना लागते. कच्चा टायर साच्यात घालून १५० अंश सेल्सिअसच्या आसपास, प्रचंड दाबाखाली तापवला जातो. पुढे रस्त्यावर चाकाच्या प्रत्येक फेरीत तो चेपतो, ताणला जातो. चिपला जोडलेला सरळ तारेचा अँटेना त्यात तुटायचा. म्हणून तो स्प्रिंगसारखा वळवतात. मला या तंत्रातली हीच युक्ती सर्वांत आवडते.

हा खटाटोप कशासाठी? २००० साली फायरस्टोन या टायर कंपनीने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. अशा वेळी सदोष टायर नेमका कोणत्या गाडीला आहे, हे शोधणे जिवाशी निगडित असते. चिपमुळे प्रत्येक टायरला स्वतंत्र ओळख मिळते, आणि कारखान्यापासून गाडी, रिमोल्डिंग, भंगारापर्यंत त्याचा माग काढता येतो. भारतात २०२२च्या नियमांनी जुन्या टायरांच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तो हिशेब कागदापेक्षा चिप चोख ठेवील, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्या टायरमध्ये चिप नसली, तरी त्याच्या बाजूवर डीओटी क्रमांक शोधा आणि शेवटचे चार आकडे वाचा. १४२३ म्हणजे तो २०२३च्या चौदाव्या आठवड्यात बनला.