पदवीनंतरचे शिक्षण : खोडदची दुर्बीण आणि तरुण संशोधक

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावाला लागून वारूळवाडी हे गाव आहे. या परिसरात फिरताना द्राक्षांचे मळे आणि टोमॅटोची शेते यांच्या मध्ये उभ्या असलेल्या प्रचंड जाळीदार तबकड्या नवख्या प्रवाशाचे लक्ष वेधून घेतात. पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, खोडद येथे वसलेल्या महाकाय रेडिओ दुर्बिणीचे हे ॲन्टेना होत. प्रत्येकाचा व्यास ४५ मीटर असून त्यांची एकूण संख्या ३० आहे. त्यांपैकी १४ खोडदच्या मध्यवर्ती क्षेत्रात आणि उरलेले १६ तीन दिशांना गेलेल्या भुजांवर उभारलेले आहेत. एकमेकांपासून सर्वांत दूर असलेल्या ॲन्टेनांमधील अंतर सुमारे २५ किलोमीटर भरते. हे सर्व ॲन्टेना मिळून एकाच विशाल दुर्बिणीचे काम करतात. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे पुण्यातील राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र ही दुर्बीण चालविते. जीएमआरटी या नावाने ती जगभर ओळखली जाते.

या दुर्बिणीविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु दुर्बीण स्वतः संशोधन करीत नाही. संशोधन माणूस करतो. हा माणूस कसा घडतो, विज्ञानाची पदवी हाती आल्यावर त्याला आणखी काय शिकावे लागते आणि ते त्याला कोण शिकविते, या प्रश्नांचा विचार त्या मानाने फारच थोडा झालेला आहे. शिक्षक, अधिकारी व पंचायतींचे सदस्य यांनाही या प्रश्नाशी कर्तव्य आहे. ते कसे, हे पुढे स्पष्ट होईल.

कल्याणची शाळा

या दुर्बिणीचे शिल्पकार प्रा. गोविंद स्वरूप १९६३ साली अमेरिकेतून परतले आणि डॉ. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. त्या वेळी देशात रेडिओ खगोलशास्त्र जाणणारी माणसे मोजकीच होती. स्वरूप यांनी ऑस्ट्रेलियाकडून भेट म्हणून आलेल्या ३२ लहान तबकड्या मुंबईजवळ कल्याण येथे उभारल्या आणि १९६५ मध्ये सूर्याची निरीक्षणे सुरू केली. कल्याणची दुर्बीण आकाराने लहान होती, पण शाळा म्हणून तिचे मोल मोठे होते. तारा जोडणे, उपकरणातील दोष शोधणे, रात्रंदिवस नोंदी ठेवणे आणि त्यांवरून निष्कर्ष काढून लिहिणे, ही सारी कामे तरुण सहकाऱ्यांना आपल्या हातांनी करावी लागली. याच मंडळींच्या बळावर १९७० मध्ये उटी येथे ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण उभी राहिली आणि पुढे खोडदचा प्रकल्प साकार झाला. कल्याणला काम केलेले प्रा. विजय कपाही पुढे पुण्यातील केंद्राचे संचालक झाले.

कल्याणच्या अनुभवातून एक गोष्ट दिसून येते. संशोधनाचे ज्ञान ग्रंथांतून मिळते, परंतु संशोधनाचे काम हा एक व्यवसाय आहे आणि प्रत्येक व्यवसायाप्रमाणे त्याचीही कौशल्ये असतात. पूर्वी ती ज्येष्ठांच्या सहवासात आपोआप अंगी बाणत. आज संशोधकांची संख्या वाढली आहे आणि कामही शेकडो लोकांत विभागले गेले आहे. त्यामुळे ही कौशल्ये हेतुपुरस्सर शिकविणे आवश्यक झाले आहे.

मागणी कशी करावी

पहिले कौशल्य म्हणजे नेमकी मागणी करण्याचे. खोडदची दुर्बीण जगातील कोणत्याही देशाच्या संशोधकास वापरता येते. तिचा वेळ मात्र मर्यादित आहे आणि त्यासाठी होणारी मागणी उपलब्ध वेळेपेक्षा अधिक असते. वर्षाचे दोन निरीक्षण-हंगाम असतात. प्रत्येक हंगामापूर्वी प्रस्ताव मागविले जातात आणि तज्ज्ञांची समिती त्यांची छाननी करून वेळेचे वाटप करते. आपला प्रश्न कोणता, तो महत्त्वाचा का, तो सोडविण्यास हीच दुर्बीण का हवी, किती तास आणि कोणत्या लहरींवर निरीक्षण करावयाचे, हे सर्व मोजक्या पानांत पटवून द्यावे लागते.

पंचायतीच्या कारभाराशी परिचित असलेल्या वाचकांना यातील मर्म चटकन ध्यानात येईल. गावाची गरज खरी असली तरी प्रस्ताव अपुरा असल्यास मंजुरी अडते. संशोधनातही तसेच घडते. चांगली कल्पना सुचलेला विद्यार्थी ती नीट मांडता न आल्यामुळे मागे पडतो, आणि यात हानी केवळ त्याचीच होते असे नाही.

नोंदवहीची शिस्त

दुसरे कौशल्य नोंदी ठेवण्याचे. दूरच्या आकाशस्थ वस्तूकडून येणारी रेडिओ ऊर्जा कल्पनेपलीकडे क्षीण असते. ती मोजताना दर काही वेळाने दुर्बीण एखाद्या पूर्वपरिचित स्रोताकडे वळवून तिचे माप तपासून घ्यावे लागते. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात माल तोलण्यापूर्वी काटा तपासावा, तसाच हा प्रकार होय. कोणता ॲन्टेना बंद होता, व्यत्यय केव्हा आला, कोणती आकडेवारी वगळली आणि ती का वगळली, याची नोंद त्याच वेळी झाली नाही, तर महिन्यांनंतर निघालेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवणे अवघड होते.

याचे अलीकडचे उदाहरण बोलके आहे. स्पंदक तारे, म्हणजेच पल्सार, अत्यंत नियमितपणे रेडिओ स्पंद पाठवितात. त्या स्पंदांच्या आगमनवेळा वर्षानुवर्षे मोजून, अवकाशातून जाणाऱ्या अतिदीर्घ गुरुत्वीय तरंगांचा मागोवा घेता येतो. भारतीय संशोधकांच्या गटाने खोडदच्या दुर्बिणीवर अशी मोजणी केली आणि युरोपीय गटाच्या सहकार्याने जून २०२३ मध्ये अशा तरंगांच्या अस्तित्वाकडे निर्देश करणारा पुरावा जाहीर केला. या कार्यात अनेक विद्यार्थी सहभागी होते. एकाने सुरू केलेले काम दुसऱ्याने पुढे न्यावयाचे, तर पहिल्याची नोंदवही दुसऱ्यास वाचता आली पाहिजे. सहकार्याचे पहिले साधन हेच होय.

सचोटी हाही अभ्यासविषय

तिसरी बाब सचोटीची आहे. दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून देणे, आकडे सोयीस्कर करून घेणे, काम न करता शोधनिबंधावर नाव घालणे हे दोष जगभर आढळतात. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली संशोधन व प्रकाशन नीती या विषयाचा ३० तासांचा अभ्यासक्रम पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला. हे पाऊल योग्यच आहे. तथापि ३० तासांत सवय लागत नाही. जो विद्यार्थी शाळेत प्रयोगाचे उत्तर आधी पाहून मग आकडे लिहितो, त्याला हा विषय पुढे परका वाटल्यास नवल नाही. प्रयोगवहीत चुकलेले मापही जसे आले तसे लिहू देणारा शिक्षक त्या अभ्यासक्रमाचा पाया घालीत असतो.

लोकांशी बोलण्याचे कौशल्य

चौथे कौशल्य सर्वांत दुर्लक्षित आहे. ते म्हणजे आपले काम सर्वसामान्यांस त्यांच्या भाषेत सांगण्याचे.

खोडदची दुर्बीण सुमारे १२० ते १४५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातील लहरी ऐकते. भ्रमणध्वनीच्या काही लहरी याच पट्ट्यात येतात. विजेच्या तारांवर सैल जोडामुळे उडणाऱ्या ठिणग्याही रेडिओ लहरी निर्माण करतात. साहजिकच दुर्बिणीच्या परिसरात रेडिओ-शांतता राखावी लागते आणि तिचा भार स्थानिक जनतेलाही उचलावा लागतो. पुणे-नाशिक नियोजित द्रुतगती रेल्वेमार्गाच्या बाबतीत याचा प्रत्यय आला. मूळ आखणी दुर्बिणीच्या परिसरातून जात असल्याने निरीक्षणांत व्यत्यय येईल, असा आक्षेप पुढे आला आणि मार्ग बदलण्याचा विचार सुरू झाला. जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील लोकांची रेल्वेची अपेक्षा रास्त आहे. दुर्बिणीची अडचणही खरी आहे. अशा प्रसंगी निर्णय शासन घेईल. परंतु लोकांच्या मनातील प्रश्नांना सोप्या मराठीत, आकडेवारीसह आणि त्यांचे म्हणणे ऐकून घेऊन उत्तर देणारा शास्त्रज्ञ नसेल, तर गैरसमजाची दरी रुंदावते. हे कौशल्य जन्मजात नसते, ते शिकावे लागते. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१८ साली तरुण संशोधकांना आपले काम सुबोधपणे लिहिण्यास प्रोत्साहन देणारी स्पर्धा सुरू केली, ती याच जाणिवेतून. मराठी विज्ञान परिषद तर १९६६ पासून मराठीतून विज्ञानप्रसाराचे कार्य करीत आहे.

शिक्षणाच्या उपलब्ध वाटा

पुण्यात या शिक्षणाची काही सोय झालेली आहे. राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने १९९९ साली भरविलेल्या वर्गातील व्याख्याने संकलित होऊन त्यांचे पाठ्यपुस्तक झाले. हे केंद्र आणि आयुका यांच्या विद्यमाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी हिवाळी वर्ग भरविण्यात आले आहेत, तसेच विद्यार्थ्यांना काही आठवडे शास्त्रज्ञांच्या मार्गदर्शनाखाली प्रत्यक्ष काम करण्याची संधी देणारे उपक्रमही राबविण्यात आले आहेत. अशा वर्गांत विद्यार्थी निरीक्षण करतो, त्याचा अर्थ लावतो आणि शेवटी इतरांसमोर उभा राहून तो मांडतो. वर उल्लेखिलेली बहुतेक कौशल्ये या एकाच क्रमात सामावलेली आहेत. विज्ञानाचे शिक्षण आणि संशोधन एकाच छताखाली असावे, हा प्रा. स्वरूप यांचा आग्रह होता. पुण्यात २००६ साली स्थापन झालेली भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था हे त्या विचाराचे एक फलित होय. प्रा. स्वरूप सप्टेंबर २०२० मध्ये निवर्तले.

परिसराने काय करावे

उरतो तो प्रश्न एवढाच, की खोडदच्या पंचक्रोशीतील किती मुले या वाटेने जातात? दुर्बीण ज्यांच्या शेताशेजारी आहे, त्यांच्या मुलांना ती दुरून पाहण्याची वस्तू वाटू नये.

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. दरवर्षी २८ फेब्रुवारीच्या सुमारास राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त खोडद येथे विज्ञान प्रदर्शन भरते आणि परिसरातील विद्यार्थी आपापले प्रयोग घेऊन तेथे जातात. शिक्षकांनी या प्रयोगांसोबत विद्यार्थ्याची स्वतःची नोंदवही ठेवण्याचा आग्रह धरावा. विद्यार्थ्याने आपला प्रश्न, पद्धत, चुका आणि निष्कर्ष एका पानात लिहावा व पाच मिनिटांत मराठीतून सांगावा. ग्रामपंचायतींनी वर्षातून एकदा एखाद्या तरुण संशोधकास ग्रामसभेत बोलावून त्याला मोकळेपणाने प्रश्न विचारावेत. सभेला दुर्बिणीचे काम कळेल आणि संशोधकाला लोकांशी बोलण्याचा सराव होईल. वीज वितरणाशी संबंधित अधिकाऱ्यांनी तारांचे सैल जोड वेळीच दुरुस्त केल्यास गावाची वीज सुधारेल आणि दुर्बिणीचा व्यत्ययही घटेल.

कल्याणच्या ३२ तबकड्यांपाशी मूठभर तरुण शिकले आणि त्यातून देशात एक नवे शास्त्र रुजले. आज खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. वारूळवाडी, नारायणगाव आणि खोडदच्या शाळांतील नोंदवह्यांपासून प्रारंभ केला, तर त्यांच्या नियंत्रण कक्षात बसून निरीक्षण करणाऱ्यांत या मातीतील मुलामुलींची संख्या वाढेल. त्या दिवशी ही दुर्बीण खऱ्या अर्थाने या परिसराची झाली, असे म्हणता येईल.