सियागंजची पिशवी आणि ताटाचा हिशेब

इंदूरच्या रेल्वे स्थानकानजीकचा सियागंज हा किराणा मालाचा घाऊक बाजार. साबुदाणा, डाळी, शेंगदाणे, सुकामेवा आणि मसाले यांच्या पोत्यांनी येथील पेढ्या भरलेल्या असतात. होळकरांच्या राजवटीपासून इंदुरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या आवडत्या न्याहारीचे साहित्यही याच किराण्यातले. मात्र अलीकडे हीच न्याहारी वादाचा विषय झाली आहे. पोहे चांगले की साबुदाण्याची खिचडी? गहू सोडून ज्वारी-नाचणीकडे वळावे काय? तूप बंद करावे काय?

यातील काही प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. साबुदाणा हा टॅपिओका कंदाचा जवळजवळ शुद्ध पिष्टमय पदार्थ असून त्याच्या 100 ग्रॅममध्ये प्रथिने एक ग्रॅमही नसतात. खिचडीला जे पोषण लाभते, ते मुख्यतः शेंगदाण्याच्या कुटामुळे. पोह्यांत 100 ग्रॅममागे सुमारे सात ग्रॅम प्रथिने असतात. वर पिळलेल्या लिंबातील 'क' जीवनसत्त्वामुळे त्यांतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. इंदुरी पोहे वाफेवर शिजतात, त्यामुळे त्यांना तेलही बेताचे लागते. मात्र सोबतची शेव आणि जिलेबी हा लाभ पुसून टाकते.

तरीही या वादात एक मूलभूत गोष्ट निसटते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2024 मध्ये सुधारित आहार मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत 2000 किलोकॅलरीच्या आहारासाठी दिवसभराच्या कच्च्या अन्नाचे प्रमाण दिले आहे : तृणधान्ये 250 ग्रॅम, डाळी किंवा अंडी-मांस-मासे 85, तेलबिया व सुकामेवा 35, तेल-तूप 27, भाज्या 400, फळे 100 ग्रॅम आणि दूध 300 मिलिलिटर.

या आकड्यांची बेरीज सुमारे 1200 ग्रॅम होते. यांपैकी धान्य, डाळी, सुकामेवा आणि तेल, म्हणजे सियागंजच्या पिशवीत मावणारा सारा माल, 400 ग्रॅमपेक्षाही किंचित कमी भरतो. उरलेले दोन तृतीयांश अन्न भाजी, फळे व दूध यांचे आहे. त्यातील भाजी-फळांसाठी इंदूरकरांना चोइथराम मंडीची वाट धरावी लागते. घरोघरीचा वाद मात्र बहुधा पिशवीतल्या एका तृतीयांशापुरताच रंगतो. पोह्यांऐवजी ज्वारी आली, पण भाजीची वाटी पूर्वीइतकीच लहान राहिली, तर ताट फारसे बदलत नाही.

हा हिशेब गोमंतकीयांनाही आपलासा वाटावा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचे प्रमाण गोव्यात सर्वाधिक, 26.4 टक्के आढळले. देशाची सरासरी 11.4 टक्के होती. एवढ्या मोठ्या आजारामागे एकटा आहार नसतो. वय, वजन, आनुवंशिकता व हालचालीचा अभाव हेही त्यात असतात. तथापि स्वतःच्या हाती असलेल्या गोष्टींत ताट अग्रभागी आहे.

त्यासाठी घरचे आवडते पदार्थ सोडण्याची गरज नाही. नरकचतुर्दशीला गोव्यात दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले असे नाना तऱ्हांचे पोहे होतात, ते व्हावेतच. उकड्या तांदळाचा भातही असू द्यावा. धान उकडताना कोंड्यातील 'ब' जीवनसत्त्वांचा काही अंश दाण्यात मुरतो. फक्त भाताचा ढीग आवरून तांबडी भाजी, मुगागाठी व माशाचा तुकडा यांना ताटात अधिक जागा द्यावी. अनेक भाज्या एकत्र करणारे खतखते चतुर्थीपुरते राखून ठेवण्याचेही कारण नाही. इंदुरी पोह्यांतही मटार वाढवता येतो आणि जिलेबीच्या जागी पेरू चालतो.

कोणते धान्य श्रेष्ठ, हा वाद चालू राहील. त्याआधी ताटात भाजी किती, हे प्रत्येक घराने एकदा मोजून पाहावे.