संगीताच्या तासाची परिभाषा

आमच्या पिरनवाडीसारख्या गावी शालेय संगीतास अद्यापि 'छंद' वा 'करमणूक' म्हणतात. साहजिकच परीक्षा जवळ आली की प्रथम बळी पडतो तो त्याच तासाचा. पं. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरास काढलेल्या गायनशाळेस 'महाविद्यालय' म्हटले, पं. भातखंडे यांनी आपल्या ग्रंथमालेस 'क्रमिक पुस्तक' हे शाळेतलेच नाव दिले. विद्येची प्रतिष्ठा अशी नामकरणातूनही मागावी लागते. म्हणून प्रगतिपुस्तकात 'गाण्याची आवड आहे' असे मोघम न लिहिता 'भूपाचे ५ स्वर ओळखतो. त्रितालाच्या १६ मात्रा टाळी-खालीसह मोजतो' असे लिहावे. अर्थात, तसे शिकविलेले असेल तरच! संगीताने गणित सुधारते, ही शिफारस मात्र कटाक्षाने टाळावी. तिच्यामुळे संगीत पुनश्च गणिताचे चाकर ठरते.